२२.४ ची सवय : वायूंच्या आकारमानाची गणिते कुठे चुकतात?

वायूचे वस्तुमान दिले की आकारमान काढा, किंवा आकारमान दिले की वस्तुमान काढा. रसायनशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील हा नेहमीचा प्रश्न आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येणारे बहुतेक विद्यार्थी तो पटकन सोडवतात. वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागले की मोल मिळतात आणि मोलला २२.४ ने गुणले की लिटर. उत्तर पुस्तकाशी जुळते आणि गुण मिळतात. माझा आक्षेप या रीतीला नाही, ती ज्या पद्धतीने शिकवली जाते तिला आहे. आपण २२.४ हा आकडा शिकवतो, पण त्याच्या अटी शिकवत नाही.

२२.४ लिटर हा वायूचा अंगभूत गुणधर्म नाही. ० अंश सेल्सिअस तापमान आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब असेल तेव्हा १ मोल आदर्श वायू जेवढी जागा व्यापतो, तेवढाच त्याचा अर्थ. १९८२ मध्ये आययूपॅकने प्रमाण दाब १ बार असा बदलला, तेव्हा हे आकारमान २२.७ लिटर झाले. आजही काही प्रश्नसंचांत २२.४ असते, काहींत २२.७. दोन्हींवर ‘एसटीपी’ एवढेच लिहिलेले असते. दाब न लिहिलेला असा प्रश्न अपुरा असतो, आणि विद्यार्थ्याला उत्तर अंदाजाने निवडावे लागते.

याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. मॅग्नेशियमच्या फितीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणारा हायड्रोजन पाण्यावर उलट्या ब्युरेटमध्ये गोळा करण्याचा प्रयोग घ्या. ०.०२४३ ग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे ०.००१ मोल, म्हणून हायड्रोजनही ०.००१ मोल. सवयीचे उत्तर २२.४ मिलिलिटर. आता हाच प्रयोग पुण्यासारख्या, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या शहरात करू. तापमान २७ अंश आणि हवेचा दाब ७१२ मिमी पारा धरू.

पहिली पायरी, तापमान : २२.४ × ३०० ÷ २७३ = २४.६ मिलिलिटर.
दुसरी पायरी, दाब : २४.६ × ७६० ÷ ७१२ = २६.३ मिलिलिटर.
तिसरी पायरी, ओलावा : २७ अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे २७ मिमी असतो. म्हणजे हायड्रोजनचा स्वतःचा दाब ६८५ मिमी. २६.३ × ७१२ ÷ ६८५ = २७.३ मिलिलिटर.

ब्युरेटमध्ये २७.३ च्या आसपास वाचन आले तर प्रयोग उत्तम झाला आहे. पण २२.४ डोक्यात बसलेल्या विद्यार्थ्याला तो फसला असे वाटते. त्याने याच वाचनावरून उलट गणित केले तर मॅग्नेशियमचे अणुवस्तुमान २४.३ ऐवजी १९.९ येते. मग तो काय करतो, हे प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तो वाचन ‘सुधारतो’. खरे मोजमाप खोडून पुस्तकातला आकडा लिहिण्याची सवय इथे लागते, आणि ती आपणच लावलेली असते. मला या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष हाच वाटतो.

दुसरी चूक पदार्थाच्या अवस्थेची. १६ ग्रॅम मिथेन पूर्ण जळाल्यास ३६ ग्रॅम पाणी तयार होते. ‘एसटीपीला या पाण्याचे आकारमान किती?’ असे विचारले की ४४.८ लिटर हे उत्तर हमखास येते. पण ० अंशाला पाणी वाफेच्या रूपात राहतच नाही. द्रवरूपात त्याचे आकारमान जेमतेम ३६ मिलिलिटर भरेल.

‘सुरुवातीला सोपे ठेवावे’ हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण सोप्या प्रश्नांना बऱ्याचदा २२.४ लागतच नाही. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये मांडलेला नियम आणि अ‍ॅव्होगॅड्रोचे १८११ मधील गृहीतक यांवरून, समान तापमानाला व दाबाला वायूंच्या आकारमानांचे गुणोत्तर हेच मोलचे गुणोत्तर असते. २ लिटर हायड्रोजनला १ लिटर ऑक्सिजन लागतो, हे सांगायला कोणताही स्थिरांक नको.

पुढे अभियांत्रिकीत हा प्रश्न पैशांचाही होतो. आपल्याकडे नैसर्गिक वायू मोजण्याचे प्रमाण घनमीटर १५ अंश सेल्सिअसचे आहे, तर ज्वलनाच्या गणितांत वापरला जाणारा ‘नॉर्मल’ घनमीटर ० अंशाचा. दाब सारखाच असूनही एका घनमीटरमधील वायूच्या वस्तुमानात साधारण साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. अटी न विचारणारा अभियंता इथे इंधनाचा हिशेब चुकवतो.

म्हणून शिक्षकांना एवढेच सुचवावेसे वाटते. आकडा लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून चार प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : पदार्थ वायुरूपात आहे का? तापमान किती? दाब किती? वायू कोरडा की ओला? नंतर मोल काढून आदर्श वायू समीकरण (पीव्ही = एनआरटी) वापरावे. २२.४ त्यातून आपोआप मिळतो, पण त्याच्या अटी असतील तेव्हाच. आणि प्रयोगशाळेत वायुभारमापक नसेल, तर त्या दिवशीचा हवेचा दाब हवामान खात्याच्या नोंदीवरून फळ्यावर लिहावा. ती नोंद समुद्रसपाटीला रूपांतरित केलेली नाही, एवढे मात्र पाहून घ्यावे.