घरं मोजली, बिऱ्हाडं राहिली

न्यूझीलंडमधल्या वणव्याची बातमी वाचताना तुम्हाला दोन आकडे हमखास मिळतात: किती हेक्टर जळलं आणि किती घरं गेली. फेब्रुवारी 2017 मध्ये क्राइस्टचर्चच्या पोर्ट हिल्सवर सुमारे 1,660 हेक्टर जळलं, 9 घरं गेली, आणि हेलिकॉप्टर कोसळून आग विझवणाऱ्या पायलटचा जीव गेला. आकडे खरे आहेत. तक्रार आहे ती मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

मराठीत ‘घर’ वेगळं आणि ‘बिऱ्हाड’ वेगळं. घर मालकाचं, बिऱ्हाड भाड्याने राहणाऱ्याचं. बातमी घर मोजते. आत तीन खोल्यांत तीन बिऱ्हाडं असली, तरी आकडा एकच.

पोर्ट हिल्सवर हा फरक फारसा टोचत नाही. तिथे डोंगरावरचं घर म्हणजे व्ह्यू, आणि व्ह्यूला पैसे पडतात. पॅसिफिकच्या पलीकडे, चिलीत, नेमकं उलटं. विन्या देल मार शहरात सपाटीवरची जागा न परवडणारी माणसं उतारावर वस्ती करून राहिली. 2 फेब्रुवारी 2024 ला त्या परिसरात पेटलेल्या वणव्यांत 130 हून जास्त माणसं गेली. बाराच दिवसांनी पोर्ट हिल्स पुन्हा पेटल्या. दोन्हीकडे उन्हाळा, वारा आणि रेडिएटा पाइनची लागवड. फरक होता तो उतारावर कोण राहतं याचा.

मग न्यूझीलंडमध्ये गरिबांचा डोंगर नाहीच का? वेलिंग्टनजवळच्या पूर्व पोरिरुआत जाऊन बघा. टेकड्यांच्या कुशीत सरकारी भाड्याची घरं आहेत. वेलिंग्टनच्या आसपासच्या टेकड्यांवर गॉर्सची काटेरी झुडपं माजली आहेत, आणि ती भराभर पेटतात.

आता कागदपत्रांकडे या. भूकंप, दरड किंवा त्सुनामी आली तर नॅचरल हॅझर्ड्स कमिशन घराच्या नुकसानीचा काही भार उचलतं. साधा वणवा त्यात येत नाही, तो खासगी विम्याचा विषय. मालकाचा विमा भिंती-छप्पर भरून देतो, तुमचा लॅपटॉप, गादी, कागदपत्रं नाही. आणि घर राहण्याजोगं उरलं नाही, तर मालक 7 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरार संपवू शकतो. म्हणजे वर्षभराने घर पुन्हा उभं राहतं, ‘पुनर्बांधणी पूर्ण’ अशी बातमी येते, आणि त्यातलं बिऱ्हाड कुठे गेलं हे कुणी विचारत नाही.

हे तुम्हाला सांगायचं कारण उघड आहे. आपल्यातले बरेच जण परदेशात भाड्यानेच राहतात, आणि सामानाचा विमा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून राहून जातो. तो आज बघा.

पण विमा हप्ता भरू शकणाऱ्याचा. ज्याला तो परवडत नाही, त्याच्यासाठी निदान मोजणी तरी हवी: किती बिऱ्हाडं उठली, आणि वर्षभरात किती परत आली? पुढच्या वणव्याच्या बातमीत हे दोन आकडे शोधा. सापडले नाहीत, तर नुकसानीचा हिशेब अजून अर्धाच झालाय.