पृष्ठवर्धित रामन वर्णपट आणि रोगजंतूंची ओळख

रामन व कृष्णन यांनी १९२८ साली कलकत्त्यास दाखवून दिलेला परिणाम रेणूची ओळख पटविण्यास समर्थ खरा. परंतु तो अत्यंत क्षीण असतो. १९७४ साली साउथॅम्प्टन येथे फ्लाइशमन, हेन्ड्रा व मक्विलन यांना खडबडीत केलेल्या रुप्याच्या विद्युत् अग्रावर पिरिडीनाचा वर्णपट अनपेक्षित प्रखर आढळला. ही वाढ केवळ पृष्ठफळामुळे झालेली नाही, हे १९७७ साली स्पष्ट झाले. ती सुमारे दहा लक्षपट भरली.

या पद्धतीने रोगजंतू ओळखण्याचे प्रयत्न आज जगभर चालू आहेत. संवर्धनास एक-दोन दिवस लागतात, येथे काही मिनिटे पुरतात. म्हणून या वर्णपटास 'जंतूचा अंगठा' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हे रूपक तपासून पाहणे अवश्य आहे.

धातूच्या पृष्ठालगतचे वर्धन काही नॅनोमीटरांतच ओसरते. जंतूची लांबी मात्र हजार-दोन हजार नॅनोमीटर असते. तेव्हा वर्णपटात उमटतो तो संपूर्ण जंतू नव्हे, तर रुप्याला भिडलेले द्रव्य. अनेक जंतूंत ७३० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास दिसणारी ठळक रेषा काहींनी पेशीभित्तीची मानली होती. २०१६ साली कुब्रिक, नीस्नर व इव्हलेव्हा यांनी समस्थानिकांच्या साहाय्याने ती ॲडेनीनाशी निगडित असल्याचे दाखविले. त्याच वर्षी प्रेमसिरी, झीग्लर व सहकाऱ्यांनी हे प्युरीन पदार्थ उपासमार झालेल्या पेशी बाहेर टाकतात, असे प्रतिपादिले.

याचा अर्थ असा की, जंतू कितीदा धुतला व पाण्यात किती वेळ ठेवला, यावरही वर्णपट अवलंबून राहतो. म्हणून पद्धत त्याज्य ठरत नाही. जातिपरत्वे प्युरीनांचा चयापचय भिन्न असल्यास तोही ओळखीचे साधन होईल. परंतु एकाच संवर्धनाचे वर्णपट दोन भागांत वाटून, एकावर गणनपद्धती शिकवावयाची व दुसऱ्यावर तिची परीक्षा घ्यावयाची, हा मार्ग सदोष होय. अशा परीक्षेतील यश जंतूच्या जातीचे की त्या दिवसाच्या संवर्धनाचे, हे सांगता येत नाही.

ई. कोलाय O१५७:H७ हा वाण घातक ठरतो तो मुख्यत्वे शिगा विषाच्या जनुकांमुळे. निरुपद्रवी वाणापासून त्याचा हा भेद प्युरीनांच्या रेषांत उमटेलच, असे गृहीत धरण्यास आधार नाही; आणि चूक झाल्यास तिचे मोल रुग्णाला द्यावे लागते. म्हणून निराळ्या दिवशी, निराळ्या माध्यमात वाढविलेल्या व परीक्षकास अज्ञात असलेल्या नमुन्यांवर जो दावा टिकेल, तोच ग्राह्य मानावा.