तीन मिनिटांची तबकडी

जॅझची पहिली तबकडी कोणती, याचं उत्तर तारखेसकट देता येतं. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’चं वादन मुद्रित केलं. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताचं हे पहिलेपण अशा रीतीने पाच गोऱ्या वादकांच्या नावावर जमा झालं. ज्याच्या कॉर्नेटची त्या शहरात दंतकथा झाली, त्या बडी बोल्डनचा एक सूरही आज ऐकायला मिळत नाही. रॉक अँड रोलच्या बाबतीत तर हे भांडण अजून मिटलेलं नाही. कोणी १९५१च्या ‘रॉकेट ८८’चं नाव घेतं, कोणी १९५४च्या एल्व्हिस प्रेस्लीच्या ‘दॅट्स ऑल राइट’चं. मला हा वादच निष्फळ वाटतो. स्टुडिओचं दार कोणासाठी आधी उघडलं, एवढंच पहिलेपणातून कळतं. मुद्रण युगप्रवर्तक ठरतं ते निराळ्या कारणाने: त्यातली कलाकृती स्वरलिपीच्या कागदावर नसते, मैफलीतही जशीच्या तशी नसते, ती त्या तबकडीतच असते.

दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की हा फरक कानाला कळतो. एप्रिल १९२३मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत वाजवत होता. मायक्रोफोन नव्हता, सगळे एका कर्ण्याभोवती दाटीने उभे. ड्रमच्या दणक्याने सुई हलू नये म्हणून बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं, आणि तरुण लुई आर्मस्ट्राँगचा आवाज बाकीच्यांना झाकतो म्हणून त्याला मागे उभं केलं गेलं, असं बँडची पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. त्या तबकड्या अनमोल आहेत, पण शिकागोच्या नाचघरात रात्रीमागून रात्री घडणाऱ्या गोष्टीची ती धूसर नोंद आहे. पाच वर्षांनी, २८ जून १९२८ रोजी, त्याच आर्मस्ट्राँगने ओके कंपनीसाठी ऑलिव्हरचीच रचना मुद्रित केली: ‘वेस्ट एंड ब्लूज’. तोवर विजेवरचं मुद्रण आलं होतं. त्याचा ‘हॉट फाइव्ह’ हा संच तर जवळजवळ स्टुडिओपुरताच होता. नाचणाऱ्यांची मर्जी सांभाळण्याचा प्रश्न नव्हता. सुरुवातीला ट्रम्पेट कोणाच्याही साथीविना झेप घेतो, शिखरावरून सैल लयीत खाली येतो, आणि मग संथ ब्लूज सुरू होतो. पुढे निरर्थक अक्षरं गात आर्मस्ट्राँग क्लॅरिनेटशी बोलतो, अर्ल हाइन्सचा पियानो येतो आणि अखेरच्या आवर्तनात एकच वरचा सूर जवळजवळ चार मात्राखंड धरून ठेवलेला असतो. हे सगळं तीन मिनिटांहून थोड्या अधिक वेळात. पसरायला रात्र मोकळी असती तर इतकी घट्ट बांधणी कोणी केली नसती. अब्दुल करीम खाँच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा की जॅझ म्हणजे उत्स्फूर्तता. ती गोठवली की मेली. आक्षेपात तथ्य असतं तर कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’ निष्प्राण ठरायला हवं होतं. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्याने या लोकप्रिय गाण्याची मूळ चाल जेमतेम सूचित केली आणि उरलेला सगळा वेळ तिच्या स्वरसंगतींतून नवी वाट काढली. त्या क्षणी सुचलेलं ते वादन सॅक्सोफोनवाल्यांच्या पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा सुई ठेवून आत्मसात केलं. विरून जाणारी गोष्ट तबकडीमुळे अभ्यासाचा विषय झाली. उत्स्फूर्तता त्याने कमी झाली नाही, तिला परंपरा मिळाली.

रॉक अँड रोलमध्ये यंत्र याहून एक पाऊल पुढे गेलं. ‘रॉकेट ८८’साठी आइक टर्नरचा बँड मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आला, तेव्हा गिटारचा अँप्लिफायर बिघडलेला होता. फिलिप्सने अँप्लिफायरच्या फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि त्यातून निघालेला खरखरीत, घोगरा आवाज तसाच ठेवला. इथे बिघाडच वाद्य झाला. तीन वर्षांनी त्याच खोलीत, ड्रमर नसताना, बिल ब्लॅकच्या थापटलेल्या बासवर प्रेस्ली गायला. टेपच्या दोन यंत्रांतून आवाज किंचित उशिराने परत आणण्याची फिलिप्सची युक्ती ‘ब्लू मून ऑफ केंटकी’त स्पष्ट ऐकू येते. असा प्रतिध्वनी असलेली खोली जगात कुठेच नव्हती. ती फक्त टेपवर होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तबकड्यांवरून इतिहास लिहिला की ज्यांना मुद्रणाची संधी नाकारली गेली ते पुसले जातात. हे खरं आहे. ऑगस्ट १९४२पासून वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला, तो १९४४पर्यंत चालला. त्याच काळात हार्लेममध्ये बीबॉप ही जॅझची नवी शैली आकार घेत होती, म्हणून चार्ली पार्करचं १९४५चं ‘को-को’ आभाळातून पडल्यासारखं वाटतं. प्रेस्लीचं ‘दॅट्स ऑल राइट’ही मुळात ब्लूज गायक आर्थर क्रूडपचं. त्याला त्याच्या गाण्यांची रास्त रॉयल्टी हयातीत मिळाली नाही. या अन्यायाची नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे, आणि म्हणूनच आधी कोण आणि खपलं काय या मोजपट्ट्या मी बाजूला ठेवतो. लिटल रिचर्डचं ‘टूटी फ्रूटी’ १४ सप्टेंबर १९५५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या स्टुडिओत, सत्र संपता संपता घाईने मुद्रित झालं. गोऱ्या पॅट बूनने केलेली नक्कल खपाच्या यादीत त्याच्या वर गेली. चाल तीच, शब्द जवळपास तेच. कागदावर दोन्हींत फारसं अंतर निघणार नाही. पण बूनच्या तबकडीत अर्ल पामरचे ड्रम नाहीत, लिटल रिचर्डचे पियानोवर आदळणारे हात नाहीत, आणि मायक्रोफोनच्या सोसण्यापलीकडे जाणारी ती किंकाळी नाही.