अठ्ठेचाळीस मजुरांचे गणित

काळ-काम-वेगाची उदाहरणे सोडवून घेताना आपण गृहीत धरतो, की मजूर दुप्पट केले की दिवस निम्मे होतात. पण विहीर खणायला एका वेळी उतरणार तरी किती जण? संगणकातही असेच घडते. हे प्रयोगाने दाखवणारा एक शोधनिबंध प्रत्येक संगणक-शिक्षकाने वाचावा असे आम्हांला वाटते.

एम.आय.टी.तील सायलस बॉइड-विकिझर व त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी तो २०१० साली लिहिला. ४८ कोअर असलेल्या यंत्रावर त्यांनी लिनक्स आणि त्यावर चालणाऱ्या सात आज्ञावली तपासल्या. त्यांपैकी पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सर्व्हरची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. कोअर वाढवूनही कामाचा वेग त्या प्रमाणात वाढेना; एका टप्प्यानंतर तर तो घटू लागला. अडत होते कुठे? माहिती नुसती वाचायची असली तरी आधी कुलपांच्या नोंदवहीत नोंद करावी लागे, आणि या वहीचे भाग होते फक्त १६. सगळे एकाच तक्त्याकडे आले की सगळ्यांची रांग एकाच भागापुढे. संशोधकांनी भाग १०२४ केले, बिनतंट्याच्या नोंदींना रांगेतून सूट दिली. फाइलची लांबी विचारताना लिनक्स लावत असलेले कुलूपही त्यांनी काढले.

नुसता निष्कर्ष न सांगता अडथळा कसा शोधला तेही दाखवले आहे, हे या निबंधाचे बलस्थान. उणीव मात्र नोंदवायला हवी. कसोटीतले व्यवहार एकतर निव्वळ वाचनाचे किंवा ९५ टक्के वाचनाचे होते, आणि फाइली डिस्कवर न ठेवता मेमरीत ठेवल्या होत्या. लेखकांनी हे लपवलेले नाही. पण सतत नव्या नोंदी होणाऱ्या बँकेला किंवा आरक्षण-केंद्राला हे आलेख जसेच्या तसे लागू पडणार नाहीत.

जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला मुद्दा इथे आठवतो. कामाचा ५ टक्के भाग एकेकट्यानेच करायचा असेल, तर ४८ कोअर मिळूनही वेग सुमारे १४ पटच वाढतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी २० पटींपलीकडे जात नाही. हे गणित विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे. नवे यंत्र विकत घेण्याआधी रांग कुठे लागते ते पाहावे, ही सवय त्यातून लागली तरी पुष्कळ झाले.