चोरट्या प्रती आणि सरकारचा दंडुका

कायदा हाही एक ग्रंथच होय. त्याला कर्ता असतो, हेतू असतो, स्वतःची भाषा असते, आणि ज्याच्यासाठी तो लिहिला तो वाचकही असतो. म्हणून जेथे नाटक-कादंबऱ्यांची परीक्षणे छापली जातात तेथे एखाद्या कायद्याचे व त्याच्या अंमलबजावणीचे परीक्षण आले, तर वाचकांनी नवल मानू नये. विषय कलेच्या अंगणातलाच आहे. चित्रपट आणि गाणी इंटरनेटवरून फुकट उतरवून घेण्याची जी सवय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघर शिरली, तिच्या बंदोबस्तासाठी सरकारने योजलेले उपाय कितपत परिणामकारक व कितपत न्याय्य आहेत, एवढेच येथे पाहावयाचे आहे. पाहण्याची जागा मात्र भंडारा जिल्ह्याची घेतली आहे. कारण दिल्ली-मुंबईत केलेल्या कायद्याची खरी परीक्षा लाखांदूर-साकोलीकडेच होत असते.

प्रथम सरकारच्या हाती कोणकोणती आयुधे आहेत ती पाहू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ६३ वे कलम हे त्यांतील जुने शस्त्र. त्याखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. महाराष्ट्राने २००९ साली याहून एक कडक पाऊल टाकले. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार व धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याचा जो १९८१ चा कायदा आहे, त्याच्या यादीत ‘व्हिडिओ पायरेट’ हा नवा इसम दाखल झाला. या कायद्याखाली माणसाला खटला न चालवता एक वर्षापर्यंत अडकवून ठेवता येते. २०१७ साली महाराष्ट्र सायबरच्या छत्राखाली बौद्धिक संपदेच्या गुन्ह्यांसाठी एक स्वतंत्र पथक निघाले. लंडनच्या पोलिसांनी २०१३ मध्ये काढलेल्या पथकाचा कित्ता त्याने गिरविला. शेवटी २०२३ च्या ऑगस्टमध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्याची दुरुस्ती अमलात आली. चित्रगृहात परवानगीवाचून चित्रण करणे वा तशी प्रत दाखविणे यास आता तीन महिने ते तीन वर्षे कैद, आणि किमान ३ लाखांपासून चित्रपटाच्या निर्मितिखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात १२ अधिकारी नेमून, तक्रार आल्यापासून ४८ तासांत चोरट्या प्रती हटविण्याची व्यवस्थाही झाली.

एवढी शस्त्रे परजण्याला कारण नव्हते, असे आम्ही म्हणत नाही. २०१६ हे एकच वर्ष घ्या. २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ पडद्यावर आला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलवरून गावोगाव फिरू लागल्या. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. जूनमध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधीच इंटरनेटवर झळकला, आणि त्या प्रतीवर ती सेन्सॉरसाठी असल्याची खूण होती. हिंदी चित्रपटाचा निर्माता असा घाव कदाचित सोसू शकेल. मराठी निर्मात्याचे सर्वस्व पहिल्या एक-दोन आठवड्यांच्या तिकिटांवर टांगलेले असते. ‘सैराट’ने चोरट्या प्रतींना न जुमानता शंभर कोटींची मजल मारली, परंतु तो अपवाद आहे आणि अपवादाच्या आधारे नियम मांडता येत नाही. लहान मराठी चित्रपट बुडाला तर त्याबरोबर पुढचा चित्रपटही बुडतो. ज्याने कर्ज काढून चित्र उभे केले त्याच्या दुःखाला ‘जमाना बदलला’ हे उत्तर देणे निर्दयपणाचे आहे.

तथापि याच दोन उदाहरणांत सरकारच्या उपायांचे मर्मही उघडे पडते. सेन्सॉरची खूण असलेली प्रत तुमसरच्या किंवा पवनीच्या दुकानदाराने निर्माण केलेली नसते. ती जेथे राखावयाची त्या साखळीतूनच निसटते. उगमाशी पाणी गढूळ होत असताना वैनगंगेच्या काठी घागर भरणाऱ्या माणसाला दोष देत बसण्यात अर्थ नाही. आणि मोहिमेचा मार तर बहुधा या शेवटच्या टोकालाच बसतो. मेमरी कार्डात पाच-पन्नास रुपयांत गाणी व चित्रपट भरून देणारा मोबाईलच्या दुकानातील पोरगा सापडायला सोपा असतो. त्याची पाटी रस्त्यावरच लावलेली असते. संकेतस्थळ चालविणारा परदेशी कोठे तरी बसून जुगाराच्या जाहिरातींवर पैसा कमावतो, आणि एक पत्ता बंद झाला की दुसरा उघडतो. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये, नाव बदलून येणाऱ्या अशा जुळ्या संकेतस्थळांनाही मूळ मनाई लागू करण्याची सोय करून दिली, हे योग्यच झाले. पण हा लपंडाव न संपणारा आहे, याची कबुलीही त्या सोयीतच दडलेली आहे.

आता सरकारच्या भाषेकडे वळू. चोरट्या प्रतींमुळे चित्रपटव्यवसायाचे दरसाल २० हजार कोटी रुपयांपर्यंत नुकसान होते, असे केंद्र सरकारने २०२३ साली सांगितले. आकडा मोठा आहे. परंतु नुकसान म्हणजे नेमके काय मोजावयाचे? चोरून पाहिलेला प्रत्येक खेळ म्हणजे बुडालेले तिकीट, असे धरावयाचे असेल, तर ज्याने ते तिकीट कधीच काढले नसते त्यालाही हिशेबात ओढावे लागेल. भंडाऱ्याहून नागपूर साठ-बासष्ट किलोमीटर आहे. साकोली त्याहून पुढे, आणि लाखांदूर आणखी आडबाजूला. धानाच्या रोवणीची मजुरी करणाऱ्या कुटुंबाने चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे, तिकिटे व फराळ इतका खर्च करून नागपूरच्या मॉलमध्ये मराठी चित्रपट पाहिला असता, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. त्याने मोबाईलवर पाहिले म्हणून निर्मात्याच्या खिशातून काही गेले नाही; मात्र त्याच्याकडून जे रास्त मोल मिळू शकले असते ते घेण्याची सोयच कोणी केली नाही. हे नुकसान खरे आहे, पण त्याचा आरोपी कोण, हा प्रश्न उरतोच.

भाषेचा दुसरा दोष याहून गंभीर आहे. २०१६ साली बंद केलेल्या पत्त्यांवर एक सूचना झळकत असे. तिचा आशय असा होता की, येथील मजकूर नुसता पाहणेही तीन वर्षांच्या कैदेस पात्र ठरेल. लोक घाबरले, वृत्तपत्रांनी मथळे दिले. ‘डिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ही चूक दाखवून दिली: गुन्हा नुसत्या पाहण्यात नसून परवानगीवाचून वाटप करण्यात, जाहीर प्रदर्शनात व विक्री-भाड्यात आहे. सूचना त्यानंतर सुधारावी लागली. ज्या कायद्याच्या नावाने नागरिकाला धाक घालावयाचा, त्या कायद्याचा अर्थच धाक घालणाऱ्याला ठाऊक नसावा, हे लांच्छनास्पद होय. वास्तविक मूळ कायदा इतका आंधळा नाही. व्यापारी लाभासाठी उल्लंघन झाले नसेल, तर योग्य कारणे नमूद करून शिक्षा किमानपेक्षाही कमी करण्याची मुभा ६३ व्या कलमाने न्यायालयाला दिली आहे. जो विवेक १९५७ च्या ग्रंथात आहे, तो २००९ च्या स्थानबद्धतेत हरवला. दारूची भट्टी लावणारा आणि चित्रपटाची नक्कल विकणारा यांना एका माळेत ओवताना दोहोंच्या हातून समाजाला पोहोचणाऱ्या इजेची तुलना केली गेली असेल, असे वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की, आपले लोकच मुळी चोरीला चोरी मानीत नाहीत. या आक्षेपाचा थोडा विचार केला पाहिजे. आमच्या परंपरेत पोथी ‘उतरवून’ घेणे हे पुण्यकर्म होते. आज संगणकाच्या व्यवहाराला आपण तेच क्रियापद लावतो, हा योगायोग नव्हे. ज्ञानेश्वरी, दासबोध, गाथा ही शेकडो हातांनी नक्कल केल्यामुळेच आपल्यापर्यंत आली. परंतु याच परंपरेत कर्त्याच्या हक्काची जाणीव नव्हती असे समजणे चुकीचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा तीत कोणी स्वतःच्या ओव्या घुसडू नयेत, असे बजावले; नक्कल करू नका, असे नाही बजावले. तुकोबांना सालोमालोचा राग आला तो त्याने अभंग गायिले म्हणून नव्हे, तर त्यांवर आपले नाव घातले म्हणून. सारांश, नाव चोरणे व पाठ बिघडविणे हे पाप, आणि प्रसार हे पुण्य, अशी आमची जुनी नीती होती. तिला एक कलम जोडावयाचे राहिले, ते कर्त्याच्या पोटाचे. पोथी लिहिणाऱ्याचे घर पोथीच्या विक्रीवर चालत नव्हते. चित्रपट करणाऱ्याचे चालते. हे नवे कलम लोकांच्या गळी उतरविणे हे शिक्षणाचे काम आहे. फौजदाराच्या हातून ते होणारे नाही.

आणि लोक फुकटे आहेत हा आरोप तरी खरा आहे काय? दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडई भरू लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या गावोगावी रात्रभर नाटके रंगतात. वडसा येथे मंडळ्यांची कार्यालये आहेत. हंगामात शेकडो प्रयोग होतात. दंडार व खडी गंमत यांच्या कुशीत वाढलेल्या या रंगभूमीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या रंगभूमीला चालविणारा प्रेक्षक कोण? तोच धानकरी, तोच मजूर, ज्याच्या मोबाईलमध्ये चोरटा चित्रपट आहे. तो थंडीत घोंगडी पांघरून, रोख पैसे मोजून, तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतो. त्याला कलेचे मोल द्यावयाचे नाही असे कोण म्हणेल? जी कला त्याच्या गावी येते, त्याच्या ऐपतीच्या दरात येते आणि त्याच्या बोलीत बोलते, तिचे मोल तो आनंदाने देतो. चित्रपटाने यांतील पहिल्या दोन गोष्टी तरी करून पाहाव्यात.

गाण्यांच्या बाबतीत हे घडूनही गेले आहे. २०१६ नंतर मोबाईलचा डेटा स्वस्त झाला, जाहिरातींसह फुकट किंवा थोडक्या वर्गणीत गाणी ऐकण्याची कायदेशीर सोय झाली, आणि मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा आपोआप ओसरला. जे धाडींनी साधले नाही ते सोयीने साधले. चित्रपटाकडे मात्र अजून ती सरळ वाट नाही. एकेक चित्रपट वेगवेगळ्या वर्गणीच्या कुंपणात कोंडला जातो, आणि पुष्कळ मराठी चित्रपट तर कोठल्याच कुंपणात सापडत नाहीत.

कलावंताच्या पोटावर पाय येतो, हा सरकारचा सर्वांत बळकट युक्तिवाद. त्याला मान देऊनही एक स्मरण करून द्यावेसे वाटते. गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाचा कायमचा वाटा कराराने लिहून घेण्याची प्रथा या व्यवसायात अनेक दशके कायदेशीरपणे चालली. तो वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद व्हावयास २०१२ ची दुरुस्ती यावी लागली, आणि तीसाठी कवी जावेद अख्तर यांना राज्यसभेत झगडावे लागले. तेव्हा कलावंताचा कैवार घ्यावयाचा तर तो दोन्ही दारांशी घ्यावा. बाहेरच्या चोराला बेड्या आणि घरातल्या सावकाराला पाट, हा न्याय नव्हे.

आणखी एक बाजू आहे, ती जतनाची. अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली वारले. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित झालेच नाही, आणि ते कायमचे गेले. ‘आलमआरा’ या १९३१ च्या पहिल्या हिंदी बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले, तोवर पुष्कळ नाश होऊन गेला होता. पुढे जानेवारी २००३ च्या आगीत आणखी झाला. प्रती थोड्या असणे हा कलाकृतीचा मृत्युयोग आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे १९३६ चा ‘संत तुकाराम’ काय किंवा प्रभातचे इतर जुने बोलपट काय, आज सर्वांचे झाले आहेत. ते स्वच्छ प्रतींत जिल्ह्याजिल्ह्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत पाहावयास ठेवण्याला कोणता कायदा आड येतो? १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने उभी राहिलेली महाराष्ट्रातील यंत्रणा या कामी का वापरू नये?

एतावता आमचा अभिप्राय असा. नफ्यासाठी नकला विकणारे व संकेतस्थळे चालविणारे यांच्यावर खटले अवश्य भरावेत. पण खटले भरावेत, स्थानबद्धतेचा आडमार्ग धरू नये. सेन्सॉर आणि वितरण यांच्या हातून प्रत निसटली तर तेथील जबाबदार माणसाला प्रथम विचारावे. नागरिकाला धाक घालताना कायद्याचा अर्थ अचूक सांगावा. आणि दंडाच्या रकमा वाढविण्यापूर्वी तालुक्याच्या गावी परवडेल असे चित्रगृह, अथवा एका चित्रपटापुरते अल्प मोल घेणारी सोय उभी राहते काय, ते पाहावे. झाडीपट्टीचा प्रेक्षक पैसे मोजावयास तयार आहे, हे तो दर हिवाळ्यात सिद्ध करतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे कष्ट चित्रपटवाल्यांनी व सरकारने घेतले, तर चोरट्या प्रतीचे गिऱ्हाईक पुष्कळच कमी होईल. आणि जे उरेल ते खरोखरीच चोर असेल. त्याच्यासाठी दंडुका राखून ठेवण्यास आमची मुळीच हरकत नाही.