कार्बन मोनॉक्साइड आणि नैराश्य : पंधरा टक्क्यांचा हिशेब

काही दिवसांपूर्वी विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात एका सरांनी शाळेच्या भित्तिपत्रकाचा मजकूर मला दाखवला. ‘वाहनांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे नैराश्य १५ टक्क्यांनी वाढते, असे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ हे त्यातले ठळक वाक्य. आकडा मनाचा नव्हता. ‘सिद्ध’ हा शब्द मात्र खटकला, म्हणून मूळ शोधनिबंध काढून वाचला.

शिश्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातील सहा शहरांत रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात नैराश्याच्या कारणाने झालेल्या २७,०४७ भेटी त्यांनी हवेतील प्रदूषणाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. पद्धत विचारपूर्वक निवडलेली आहे. एकाच रुग्णालयातील एकाच महिन्यातल्या सोमवारांची तुलना सोमवारांशीच, मंगळवारांची मंगळवारांशी. त्यामुळे ऋतू आणि वार यांचा घोळ बराचसा टळतो. एप्रिल ते सप्टेंबर या काळात कार्बन मोनॉक्साइड दशलक्षात ०.८ भागांनी वाढले, की त्याच दिवशीच्या भेटी १५.५ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. खुद्द लेखकांनी ‘संबंध असू शकतो’ एवढेच म्हटले आहे. सिद्धतेचा शिक्का नंतर कुणीतरी मारला.

मोजले आहे ते काय? नैराश्य नव्हे, रुग्णालयातल्या भेटी. हा आजार सकाळी धूर नाकात गेला आणि दुपारी जडला असा नसतो; तो आठवडे-महिने घेऊन वाढतो. म्हणजे फार तर, आधीच आजारी असलेल्या माणसाला त्या दिवशी जास्त त्रास झाला, असे म्हणता येईल. दुसरे असे, की याच निबंधात नायट्रोजन डायऑक्साइडसाठी २० टक्के वाढ दिली आहे. शहरात हे दोन्ही वायू मुख्यतः वाहनांतूनच येतात. एक वाढला की दुसराही वाढतो. मग दोष कुणाचा? या वायूचा, त्या वायूचा, की रस्त्यावरच्या गर्दीचा आणि गोंगाटाचा? लग्नघराबाहेरच्या चपला मोजून पाहुणे किती आले ते सांगता येते, पण श्रीखंड काही चपलांनी संपवलेले नसते.

खरी अडचण मात्र रसायनशास्त्राची आहे, आणि अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती स्वतः तपासता येईल. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या सुमारे २२० पट घट्ट धरतो. एकाने धरलेल्या आणि दुसऱ्याने धरलेल्या हिमोग्लोबिनचे गुणोत्तर म्हणजे २२० गुणिले दोन वायूंच्या आंशिक दाबांचे गुणोत्तर. हे सूत्र हाल्डेन यांच्या नावाने ओळखले जाते. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब सुमारे १०० मिलिमीटर. दशलक्षात ०.८ भाग म्हणजे ७६० मिलिमीटरपैकी ०.०००६. गुणाकार-भागाकार करा: ०.००१३, म्हणजे ०.१३ टक्के हिमोग्लोबिन. तेही तासन्‌तास त्याच हवेत बसून राहिले तर.

आता हे पाहा. जुने हिमोग्लोबिन मोडताना आपले शरीर स्वतःच कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्यामुळे कधीही विडी न ओढणाऱ्याच्या रक्तातही अर्धा ते एक टक्का हिमोग्लोबिन या वायूने अडवलेले असते. नियमित धूम्रपान करणाऱ्यात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते, म्हणजे आपल्या उत्तराच्या चाळीसएक पट. ०.१३ टक्क्याने रुग्णालयाची दारे वाजू लागत असतील, तर विडी ओढणाऱ्यांच्या मोहल्ल्यात काय व्हायला हवे? धूम्रपान आणि नैराश्य यांचा संबंध आढळतो हे खरे, पण या मापाचा नव्हे. कुणी म्हणेल, हा वायू हिमोग्लोबिनला टाळून मेंदूत थेट काम करत असेल. तो मेंदूत निरोप्याचे काम करतो ही कल्पना १९९३ साली मांडली गेली होती. पण तो वायू मेंदूने तिथल्या तिथे बनवलेला असतो. बाहेरचा ०.८ भाग त्यात काय भर घालणार, हे दाखवायचे शिल्लकच राहते.

मला जास्त खंत दुसऱ्याच गोष्टीची वाटते. जिथे पुरावा भक्कम आहे, तिकडे भित्तिपत्रकांचे लक्ष जात नाही. दक्षिण कोरियात कोळशाच्या विटा जाळून घरे गरम करत, त्या काळातला चोई यांचा अभ्यास १९८३ चा आहे. विषबाधा झालेल्या २,३६० जणांपैकी ६५ जण शुद्धीवर आले, ठीक वाटले, आणि मग सरासरी तीन आठवड्यांनी त्यांची स्मृती आणि वागणे बिघडले. अमेरिकेतील जास्पर व सहकाऱ्यांनी २००५ साली विषबाधेतून वाचलेल्या १२७ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनी ४५ टक्के आणि वर्षाने ४३ टक्के लोकांत नैराश्य किंवा चिंताविकार होता. यात आत्महत्येचा प्रयत्न केलेलेही होते. ते आधीच खचलेले, तेव्हा इथे कारण आणि परिणाम उलटे होण्याचा धोका उघड आहे. पण वर्षअखेरीस अपघाताने विषबाधा झालेल्यांत आणि त्यांच्यात फरक उरला नव्हता. रुग्णालयात जाऊन आल्याचा धक्काही या आकड्यात मिसळला असणार, हे मान्य. तरीही इथे मात्रा मोठी आहे आणि यंत्रणा समजण्याजोगी आहे.

हे सारे मी शिबिरात सांगितले. चहाच्या वेळी एक बाई थांबल्या. त्यांचा धाकटा भाऊ डिसेंबरात बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे बेशुद्ध पडला होता. दोन दिवसांत घरी आला, कामावरही गेला. महिन्याभराने गप्प गप्प राहू लागला, हिशेब चुकू लागला. घरचे म्हणतात, मनाला लावून घेतलंय. न्हाणीघरातल्या प्रकाराबद्दल नव्या डॉक्टरांना कुणी बोललेच नव्हते. “तारखेसकट सांगा,” मी म्हटले, आणि चोई यांनी पुढे पाहिलेल्या ३६ रुग्णांपैकी तीन चतुर्थांश वर्षभरात सुधारले होते, हेही सांगितले. त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि डिसेंबरचे पान उघडले.