फळ्यामागचे डबे आणि वर्गातला पडदा

एल्फिन्स्टन हायस्कूलमधील बाबासाहेबांची आठवण चळवळीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि फळ्यामागचे जेवणाचे डबे बाटू नयेत म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते आधी हलवले. फळा हे नुसते शिकवण्याचे साधन नव्हते. त्याला कोणी हात लावायचा हा जातीचा प्रश्न होता. आज पुष्कळ वर्गांत त्या फळ्याशेजारी पडदा आला आहे. बोट टेकवले की धडा उघडतो, अशी त्याची ख्याती सांगितली जाते. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा, की बोट कोणाचे पोहोचते?

डिजिटल शिक्षणावर मराठीत गेल्या दशकात पुष्कळ लिहिले गेले. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत प्रोजेक्टर आणि टॅब आले, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केले. यावरचे बहुतेक लेखन गौरवाचे आहे. त्यात साधनांची यादी असते, उद्घाटनाचे वर्णन असते. मुलाचे घर मात्र नसते. आमचा आक्षेप यंत्राला नाही. यंत्र नाकारणे आम्हाला परवडणारेही नाही. पोथीची मक्तेदारी मोडायला छापखाना आमच्याच उपयोगी पडला. आक्षेप आहे तो या लेखनामागच्या गृहीतकाला.

ते गृहीतक जुनेच आहे. वरच्या वर्गांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपते, असे इंग्रज सरकार मानत होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी या धोरणाचे वाभाडे काढले. रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो हे त्यांनी दाखवले, बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असे बजावले, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत अशी मागणी केली. आज विद्या तारेतून झिरपेल असे सांगितले जाते, एवढाच फरक.

शाळा डिजिटल कशा झाल्या तेही पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी त्या लोकवर्गणीतून झाल्या. गावाने शाळेसाठी हात पुढे करावा यात वाईट काही नाही. परंतु ज्या वस्तीत, तांड्यावर, पाड्यावर घरचा चुलाच रोजंदारीवर पेटतो, तेथे वर्गणी कोणी द्यायची? आणि ज्याने वर्गणी दिली त्याचाच शब्द शाळेत चालू लागला, तर हक्काचे शिक्षण पुन्हा दानाचे होते.

२०२० च्या टाळेबंदीने या गौरवग्रंथांची परीक्षा घेतली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनेच सांगून ठेवले होते की ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. तरीही शाळा फोनवर नेली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत झालेल्या पाहणीत, ग्रामीण भागातील दलित-आदिवासी मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी अवघी ४ टक्के आढळली. इतर ग्रामीण मुलांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे दारिद्र्याच्या आतही जातीची उतरंड शाबूत होती. 'दीक्षा' या शब्दाने आमच्या मनात १९५६ चे नागपूर जागे होते. त्या मैदानात येणाऱ्याला कोणी परवलीचा शब्द विचारला नव्हता.

मग परितेवाडीचे काय, असे विचारले जाईल. सोलापूर जिल्ह्यातल्या त्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि क्यूआर कोडचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु तो पुरस्कार देणाऱ्यांनीच नोंदवले आहे की पुस्तकाची भाषा मुलांची नव्हती. त्यांची भाषा कन्नड होती, आणि शिक्षकाने धडे त्या भाषेत नेले. कोड नंतर आला. आधी मास्तर मुलांच्या बोलीपर्यंत चालत गेला. गौरव करणाऱ्यांनी कोड उचलला आणि ते चालणे विसरले.

तेव्हा या साधनांचे मूल्यमापन आम्ही आमच्या कसोटीवर करू. पडद्यावरचा धडा कोणाच्या बोलीत बोलतो? त्यात आमची वस्ती, आमचे श्रम, आमचा इतिहास दिसतो का? पडदा आला म्हणून शिक्षकाची जागा रिकामी ठेवली जाते का? वीज, जोडणी आणि दुरुस्ती यांचा खर्च सरकार उचलते, की पालक? शिक्षक-कार्यकर्त्यांनी आपापल्या शाळेत हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरे गावसभेत वाचून दाखवावीत.

डबे हलवले गेले तरी भीमरावांनी फळ्यावर गणित सोडवले. आमची मुलेही पडद्यावर सोडवतील. त्यांची वाट मोकळी करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.